दुसऱ्याची भली मोठी एक्सएसएलटी कशी वाचायची

एक्सएसएलटी म्हणजे एक्सएमएल फाइलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करणारी भाषा; तिच्यात लिहिलेली फाइल म्हणजे स्टाइलशीट. ती पहिल्या ओळीपासून वाचत सुटू नका. एका बिलाच्या स्टाइलशीटपायी मी तसे दोन दिवस घालवले, हाती काही लागलं नाही. ही भाषा वरून खाली चालत नाही. इनपुटमधला जो नोड (टॅग किंवा मजकुराचा तुकडा) समोर येईल त्याला जुळणारं टेम्प्लेट, म्हणजे त्याचं काय करायचं ते सांगणारा नियम, चालतं.

म्हणून आधी इनपुट छाटा: एकच ग्राहक, एकच आयटम. मग एक्सएसएलटीप्रॉक (स्टाइलशीट चालवणारी कमांड) 'प्रोफाइल' पर्याय लावून चालवा. कुठलं टेम्प्लेट किती वेळा चाललं याची यादी मिळते. तेवढीच आधी वाचा.

खरी गोची इम्पोर्टची, म्हणजे एका स्टाइलशीटमध्ये दुसरी आत घेण्याची. इम्पोर्ट करणारी फाइल आत घेतलेल्या फाइलवर मात करते. दोन इम्पोर्ट असतील तर नंतरचा जिंकतो. कागदावर हे झाड काढाच. माझ्याकडे एकाच फाइलमध्ये 'आयटम'साठी दोन टेम्प्लेटं होती. दोन्ही जुळली तर जास्त प्रायॉरिटीचं चालतं: नुसत्या नावाची प्रायॉरिटी 0, 'बिल/आयटम' अशा वाटेची 0.5. मी बदलत होतो ते पहिलं, आणि ते कधी चालतच नव्हतं! अशा ठिकाणी टेम्प्लेटमध्ये मेसेज (चालताना ओळ छापणारी सूचना) टाकून नोडचं नाव छापून बघा. मोडही (एकाच नोडसाठी वेगवेगळी टेम्प्लेटं ठेवायला दिलेलं नाव) तपासा.

आउटपुटमध्ये कुठल्याच टेम्प्लेटने न छापलेला मजकूर दिसला, तर तो बहुतेक भाषेच्या अंगभूत नियमांतून (जुळणारं टेम्प्लेट नसलं की आपोआप लागू होणाऱ्या) आलेला असतो.