नवा ऑइल पंप टाकण्याआधी बेअरिंग मोजा

मे महिन्यात नागपूरच्या व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर गाडी थांबली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, रेस दिली की विझतो. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे पंप बदला. पण पंप ऑइल नुसतं ढकलतो, प्रेशर धरून ठेवते ती बेअरिंगची फट, म्हणजे क्रँकचा गोल भाग (जर्नल) आणि त्याभोवतीची बेअरिंगची अर्धगोल पाती (शेल) यांच्यातली जागा. फट वाढली की तापून पातळ झालेलं ऑइल तिथूनच निसटतं. इंजिन उघडलंच आहे तर आधी फट मोजा.

शेलची पाठ आणि तिची बैठक कोरडी ठणठणीत हवी. बारीक कण जरी मागे राहिला तरी शेल तिथे उचललं जातं आणि माप खोटं येतं. ब्लॉकमधल्या ऑइलच्या भोकासमोर शेलचं भोक आलंय का, टॉर्च मारून बघाच.

फट मोजायला प्लॅस्टिगेज वापरतात, म्हणजे दाबल्यावर चेपणारा मऊ प्लॅस्टिकचा धागा. तो ऑइलमध्ये विरघळतो, म्हणून जर्नल पुसून घ्या. तुकडा क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप (बेअरिंगचं झाकण) मॅन्युअलच्या पूर्ण टॉर्कला आवळा, आणि क्रँक जराही हलू देऊ नका. कॅप काढून चेपलेला तुकडा पाकिटावरच्या मापाशी ताडा. जितका रुंद, तितकी फट कमी. एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे अरुंद दिसला तर बहुधा जर्नल निमुळता झिजलाय. नुसतं शेल बदलून भागणार नाही, ग्राइंडिंग आलंच. ढोबळ हिशेब ५० मिमी जर्नलला ०.०५ मिमी, म्हणजे दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). अंतिम आकडा मात्र मॅन्युअलचाच. क्रँक ग्राइंडिंगला टाकण्याआधी दहा किंवा वीस थाऊ अंडरसाइझ (घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणारं) शेल बाजारात मिळतंय ना, ते विचारून घ्या.

आपल्याकडची एक खास गोची: क्रँक टिनाच्या शेडमध्ये तापलेला आणि मायक्रोमीटर कूलरसमोर. तापमानात २० अंशांचा फरक असला तर ५० मिमीच्या जर्नलचं माप जवळपास ०.०१ मिमीने चुकतं. दोन्ही रात्रभर एकाच जागी ठेवा, मोजणी सकाळी करा.

आता पंप. आतल्या फिरत्या रोटरवर सरळ पट्टी आडवी धरून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला, ०.१० मिमीपेक्षा जास्त फट सहसा चालत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला गोल चरे पडले असतील तर नवे रोटर टाकूनही प्रेशर येणार नाही. क्रँकवर थेट बसणाऱ्या पंपाच्या डॉवेल पिना (पंप नेमक्या जागी धरणाऱ्या खुंट्या) जागेवर हव्यात. पीन नसली की पंप बोल्टच्या भोकातल्या ढिलाईइतका सरकतो आणि रोटर एका बाजूला घासतो. बोल्ट थोडेथोडे, आलटूनपालटून आवळा आणि दरवेळी क्रँक हाताने फिरवा. कुठे जड लागलं तर तिथेच थांबा, बोल्टच्या जोरावर ओढून बसवू नका.

सक्शन पाइपची ओ-रिंग नवीच टाका. जुनी रिंग हवा आत ओढते. पाइपच्या टोकाची जाळी आणि चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळात साधारण दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अंतर ठेवा. चेंबर ठोकून चेपलेलं असेल तर हे अंतरच उरत नाही.

पंपात ऑइल भरूनच बसवा. पेट्रोल इंजिनाचे प्लग काढून, इंधन तोडून स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा. दिवा विझेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.