ब्रिटनमध्ये बायोमेडिकल सायन्स: आधी मान्यता बघा, मग विद्यापीठ

ब्रिटनला बायोमेडिकल सायन्स शिकायला जायचं ठरलं की घरात चर्चा सुरू होते ती शहराची आणि फीची. पण आधी बघायची ती आयबीएमएस (इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्स, या पेशाची व्यावसायिक संस्था) आणि एचसीपीसी (हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, नोंदणी करणारी नियामक संस्था) या दोन संस्थांची मान्य कोर्सेसची यादी. 'बायोमेडिकल सायंटिस्ट', म्हणजे रुग्णांचे नमुने लॅबमध्ये तपासणारा, हे तिथे कायद्याने राखीव पदनाम आहे. एचसीपीसीकडे नोंदणी नसेल तर ते लावता येत नाही.

नोंदणीच्या मुख्य वाटा दोन. एचसीपीसीने मंजूर केलेल्या पदवीत लॅबचं प्रशिक्षण धरलेलंच असतं. नुसती आयबीएमएसची मान्यता असलेली ऑनर्स पदवी असेल, तर आयबीएमएसने मान्य केलेल्या प्रशिक्षण लॅबमध्ये काम करत 'रजिस्ट्रेशन पोर्टफोलिओ' (शिकलेल्या कामाच्या पुराव्यांची फाईल) भरायचा, तो तपासून घ्यायचा, प्रमाणपत्र मिळवायचं आणि मग अर्ज करायचा.

मुलं अडकतात ती इथेच: पदवी हातात, पण पोर्टफोलिओ भरायला लॅब मिळत नाही. म्हणून प्लेसमेंटचं, म्हणजे लॅबमध्ये काम करत शिकण्याचं वर्ष असलेला कोर्स निवडा. इंग्लंडमध्ये तीनाची चार वर्षं होतात, ती होऊ द्या. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा: प्लेसमेंट तुम्ही देता की आम्ही शोधायची? परदेशी विद्यार्थ्यांना मिळते का? मागच्या तुकडीत कितीजणांचा पोर्टफोलिओ त्या वर्षात पूर्ण झाला? 'आम्ही सहकार्य करतो' असं गुळमुळीत उत्तर आलं, तर ते 'नाही' समजा.

इथून बीएस्सी करून एक वर्षाच्या एमएस्सीला जाणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. एमएस्सीला आयबीएमएसची मान्यता असली तरी तेवढ्यावर नोंदणी होत नाही. मूळ पदवीचं मूल्यमापन आधी करून घ्या. कमी पडलेले विषय वेगळे करावे लागू शकतात.

प्लेसमेंटच्या मुलाखतीची तयारी पाठांतराने होत नाही. समजा, रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम भलतंच जास्त, कॅल्शियम अगदी कमी आणि रुग्ण मात्र ठणठणीत. पहिला संशय जांभळ्या झाकणाच्या नळीवर. तिच्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) हे पोटॅशियमचा क्षार असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्याचा अंश बायोकेमिस्ट्रीच्या नळीत गेला की असे आकडे येतात. रिपोर्ट सोडायचा नाही, नवा नमुना मागवायचा. नुसतं पोटॅशियम वाढलेलं असेल तर रक्तपेशी फुटल्यात का, तेही बघायचं. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) केलेल्यांना यात काही नवं नाही, आणि तोच त्यांचा फायदा.

नोंदणीनंतर एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) सुरुवात सहसा बँड ५ या वेतनश्रेणीवर होते, स्पेशालिस्ट पोर्टफोलिओ केला की बँड ६ चा रस्ता खुला होतो. क्लिनिकल सायंटिस्ट ही वेगळी नोंदणी; तिच्यासाठीचं तीन वर्षांचं एसटीपी (सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम) प्रशिक्षण चुरशीचं असतं. नोंदणी नको असेल तर क्लिनिकल ट्रायल्स, निदान-किट बनवणाऱ्या कंपन्या किंवा पीएचडी आहेच. विभाग निवडताना पाळ्यांचाही विचार करा. हिमॅटॉलॉजी (रक्ताच्या तपासण्या) आणि रक्तसंक्रमणात रात्रपाळी धरूनच चाला. हिस्टोपॅथॉलॉजीत (ऊतींच्या तपासणीत) ती सहसा नसते, पण मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचे काप सुरकुती न पडता निघायला हात बसावा लागतो.