वर्णद्वेष समजून घ्यायचाय? अभ्यासगट असा चालवा

माणसं सहा ते आठ जमवा. त्याहून जास्त झाली की पुण्यात त्याचं व्याख्यान होतं, आणि व्याख्यानांना आपल्याकडे तोटा नाही. जागा म्हणून कुणाच्याही घरचा हॉल चालेल.

वाचन बैठकीतच, मोठ्याने करा. ‘घरून वाचून या’ म्हटलं की निम्मे तसेच येतात. पाळीपाळीने एकेक पान वाचावं आणि नियम एकच ठेवावा: मत मांडायचं तर मजकुरातल्या ओळीवर बोट ठेवून. ‘आमच्या पुतण्याला अमेरिकेत कधी काही जाणवलं नाही’ हे चहाच्या वेळी.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करा. ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघालं, आणि ते त्यांनी अर्पण केलं काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. अर्पणपत्रिका छोटीशी आहे, पण तिच्यावर तासभर सहज जातो. त्याआधी गंज पेठेतल्या फुले वाड्यात सगळे मिळून जाऊन आलात तर उत्तमच.

दुसरी बैठकही इथेच खर्च करा, कारण खरा पेच पुढे आहे. ब्राह्मण म्हणजे बाहेरून आलेले आर्य, या गृहीतकावर जोतीरावांची मांडणी उभी आहे. बाबासाहेबांना ते पटत नव्हतं. लाहोरसाठी लिहिलेल्या, पण न झालेल्या १९३६ च्या भाषणात (‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’) ते स्पष्ट सांगतात की जात म्हणजे वंशाची विभागणी नव्हे. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला अस्पृश्य एकाच वंशाचे. तेच बाबासाहेब १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय या दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य सांगतात. दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. वंश एकच असूनही वागणूक तशीच कशी? आवाज चढतील, चढू द्या.

मग अमेरिकेतलं माँटगोमेरी शहर. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी १९५५ च्या डिसेंबरात सुरू केलेला बस-बहिष्कार ३८१ दिवस चालला. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स सगळ्यांना माहीत असतात. तुम्ही विचारा, वर्षभर लोक कामावर गेले कसे? पायी, आणि आपसात वाटून घेतलेल्या मोटारींतून. पुण्यातल्या पीएमपी बसच्या एका दिवसाच्या संपात आपली काय त्रेधा उडते ते आठवा, म्हणजे त्या आयोजनाची किंमत कळेल.

शेवटी आपलं घर. रविवारच्या पेपरातल्या वधू-वर जाहिराती कापून आणा. ‘गोरी’ कुठे कुठे येतं त्याखाली रेघ मारा. सोसायटीत ईशान्येकडच्या किंवा आफ्रिकी विद्यार्थ्यांना फ्लॅट देताना काय बोललं जातं, तेही ज्याने त्याने ऐकलं तसंच लिहून आणावं. अरुणाचलचा निडो तानिया हा विद्यार्थी २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत वंशद्वेषी टोमण्यांवरून झालेल्या मारहाणीनंतर मरण पावला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांवर केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीचा अहवाल याच बैठकीत वाचा. एखाद्या आफ्रिकी विद्यार्थ्याला ‘अनुभव सांगायला’ मात्र बोलावू नका. यायचं असेल तर त्याने पहिल्या बैठकीपासून सभासद म्हणून यावं, आणि पान वाचायची पाळी त्यालाही.

पंधरा दिवसांनी एक बैठक पुरे. गणपतीत काही ठेवू नका, कुणी येणार नाही.