खाडीकाठच्या कॉलेजातून संशोधन अनुदानाचा प्रस्ताव कसा लिहावा

आमच्या भागातले नवे प्राध्यापक त्यांचे प्रस्ताव माझ्याकडे नजरेखालून घालायला पाठवतात. मी आधी खर्चाचं पान उघडते. तिथे पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेचं अंदाजपत्रक जसंच्या तसं उतरलेलं दिसलं, की पुढे काय वाचायला मिळणार याचा अंदाज येतो.

अर्ज कुठे करायचा, हे तुमच्या नेमणुकीवर ठरतं. कायम पदावर नव्याने रुजू झाला असाल आणि वय ४२ च्या आत असेल, तर केंद्र सरकारच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचं ‘प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट’ बघा. तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत मिळतात. आधी अनुदानं देणारं एसईआरबी (सायन्स अँड इंजिनीअरिंग रिसर्च बोर्ड) २०२४ मध्ये याच फाउंडेशनमध्ये विलीन झालं, त्यामुळे सीनियरकडून आलेला जुना फॉर्म वापरू नका. तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर हे दार बंद आहे. कोकणातली निम्मी हुशार मुलं तिथेच अडकलेली असतात, याचा मला राग आहे. पण रागाने अर्ज भरला जात नाही. पीएचडी झाली असेल तर नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप किंवा इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप बघा. इन्स्पायर पाच वर्षांची असते. महिन्याला १,२५,००० रुपये आणि संशोधनाला वर्षाकाठी ७ लाख. निसर्ग संवर्धनाचं काम असेल तर ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनची छोटी अनुदानं आहेत. मात्र परदेशी पैसा संस्थेच्या खात्यात घ्यायचा तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते, हे आधी विचारून घ्या.

आता विषय. ‘रत्नागिरी किनाऱ्यावरील मृदुकाय प्राण्यांची विविधता’ असलं शीर्षक परीक्षक रोज वाचतात. यादी करायला पैसे कोण देणार? प्रश्न विचारा. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत जुलैत काजळी नदीचं गोडं पाणी लोटतं, क्षारता उतरते. त्या दिवसांत तोंडाजवळची कालवं जास्त तगतात की आतली? हा प्रश्न दिल्लीत बसलेल्या माणसालाही कळतो आणि त्याला इथे यावंसंही वाटतं. अर्जाआधी हातात धरायच्या रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणाने, एका पावसाळ्याच्या नोंदी करून ठेवा. त्या एका आलेखाचं वजन प्रस्तावनेच्या चार पानांपेक्षा जास्त असतं. जागा ठरवताना कालवं काढणाऱ्या बायकांना विचारा. आणि त्यांचा दिवस मोडणार असेल तर मजुरी अंदाजपत्रकात धरा, फुकट राबवू नका.

खर्च लिहायला बसताना भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी ठेवा. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत खाली जातं ते साधारण पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे खडक उघडे पडतात तेव्हा गावातून एसटी नसते. प्रवासखर्चात एसटीचं तिकीट लिहिलंत तर विद्यार्थी पोहोचेपर्यंत पाणी चढलेलं असेल. रिक्षा धरा, नाहीतर किनाऱ्याजवळ मुक्काम धरा, आणि का धरला ते एका वाक्यात लिहा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी फारसं उतरतच नाही, तेव्हा ते दिवस प्रयोगशाळेला द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते, म्हणून बाहेरच्या पाण्यातलं काम त्या महिन्यांत दाखवू नका. वाचणाऱ्याला लगेच कळतं की तुम्ही किनाऱ्यावर फिरलेला नाही. होडीवाला जीएसटीचं बिल देत नाही. हातपावती चालेल का, हे लेखा विभागाला आधीच विचारा. चालत असेल तर नाव, तारीख, काम, सही घ्या आणि रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावा.

उपकरणं मागताना खारा वारा विसरू नका. मायक्रोस्कोपच्या भिंगावर बुरशी धरते, म्हणून डिह्युमिडिफायर आणि देखभाल करार त्याच यादीत घाला. डीप फ्रीझर मागितलात तर इन्व्हर्टरही मागा. जूनमध्ये वीज गेली की नमुने वितळणार. नमुने टिकवायला अ‍ॅबसोल्यूट (जवळजवळ शुद्ध) अल्कोहोल लागणार असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते, ती मिळवायला वेळ धरा.

परवानग्यांचंही तसंच. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना वन विभागाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ साली जाहीर झालं, काम करायचं असेल किंवा कांदळवनात शिरायचं असेल, तर अर्ज कुठवर आलाय तेही प्रस्तावात लिहा.

पैसे मंजूर झाले की ऑफिसात हिशेब बघणाऱ्या भाऊसाहेबांशी जमवून घ्या. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर अडतो. त्याचा ठरलेला नमुना म्हणजे सरकारी वित्तीय नियमांतला (जीएफआर) १२-ए. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि कोणत्या हेडमधून, म्हणजे खर्चाच्या शीर्षकातून, किती गेलं ते पै-पैशाने जुळावं लागतं. दर महिन्याला पावत्या त्यांच्याकडे द्या, मार्चमध्ये पिशवी भरून नेऊ नका.

आणि प्राचार्यांचं संमतिपत्र गणपतीच्या आधी सही करून घ्या. त्या आठवड्यात अर्ध ऑफिस गावाला असतं आणि उरलेलं आरतीला. पोर्टलची शेवटची तारीख मात्र कोकणाचं कॅलेंडर बघून ठरत नाही.