डच वेगवान गोलंदाजाची कंबर, पदवी आणि नोकरी: तिन्ही एकदम कशी सांभाळावी

नेदरलँड्समध्ये निव्वळ क्रिकेटवर घर चालवणारे गोलंदाज मोजकेच. स्खीडाम शहरातला वेगवान गोलंदाज आंद्रे फान ट्रोस्ट १९९१ ते १९९८ या काळात इंग्लंडच्या सॉमरसेट काउंटीकडून खेळला. त्याच्या वेगाची फलंदाजांना धास्ती होती, पण नो-बॉल आणि स्वैर चेंडूही भरपूर पडायचे. पंचविशीतच काउंटी कारकीर्द आटोपली आणि पुढे तो क्रीडा-व्यवसायात वरिष्ठ अधिकारी झाला. नेदरलँड्सचा वेगवान गोलंदाज पॉल फान मेकेरेनने नोव्हेंबर २०२० मध्ये हिवाळा निभावण्यासाठी उबर ईट्सची जेवणाची पार्सलं घरोघर पोचवली. त्यानेच २०२३ च्या विश्वचषकात धरमशालेला दक्षिण आफ्रिकेच्या मार्करमचा त्रिफळा उडवला. मुलगा किंवा मुलगी अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आम्स्टलफेनच्या मैदानावर जोरात चेंडू टाकायला लागली असेल, तर दुसऱ्या करिअरची आखणी पहिल्याबरोबरच सुरू करा. निवृत्तीनंतर बघू म्हणालात, तर उशीर झालेला असतो.

सुरुवात कंबरेपासून, कारण कारकीर्द किती वर्षांची हे बहुतेक वेळा तीच ठरवते. पुढचा पाय टेकताना शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त भार पडतो. पाठीच्या खालच्या मणक्यांचं हाड विशीच्या आसपासपर्यंत पुरतं पक्कं झालेलं नसतं, म्हणून सततच्या भाराने त्याला बारीक तडा जाऊ शकतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाला हा तडा बहुधा डाव्या बाजूला जातो. मागे वाकल्यावर एकाच बाजूला दुखत असेल, तर गोलंदाजी त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांशी एमआरआयबद्दल बोला. सुरुवातीचा तडा साध्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. 'स्नायू आखडला असेल' म्हणून आणखी दोन सामने काढले, की काही आठवड्यांच्या विश्रांतीचे कित्येक महिने होतात.

षटकांसाठी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची मर्यादा वापरा. १३ वर्षांखालील मुलांना एका स्पेलमध्ये (म्हणजे न थांबता एका दमात) ५ आणि दिवसाला १० षटकं, १५ खाली ६ आणि १२, १९ खाली ७ आणि १८. क्लब, शाळा आणि वयोगटाचा संघ यांची बेरीज एकाच वहीत ठेवा. घोळ नेमका इथेच होतो: तीन प्रशिक्षक आपापल्या हिशेबाने बरोबर असतात आणि मुलाची षटकं मात्र दुप्पट होतात. हिवाळ्यात हॉलच्या कडक जमिनीवर टाकलेले चेंडूही याच वहीत धरा.

अ‍ॅक्शन फोनवर स्लो-मोशनमध्ये मागून टिपा. मागचा पाय टेकतो त्या क्षणी खांदे आणि नितंब एकाच दिशेला हवेत. त्यानंतर खांदे आणखी आडवे वळत असतील, तर ती मिश्र अ‍ॅक्शन. कंबरेला सर्वांत घातक तीच.

नो-बॉलचं मूळ बहुतेकदा सरावात असतं. नेटमध्ये रेषा आखलेलीच नसते, मग पाय वीतभर पुढे पडायची सवय लागते. पॉपिंग क्रीज (पुढचा पाय जिच्या मागे पडायला हवा ती रेषा) आखा, रन-अप टेपने मोजा आणि सरावातला नो-बॉलही मोजा. डच क्लबांत बरेच सामने मॅटवर, म्हणजे खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर होतात. तिथे गवतावरून मॅटच्या कडेवर पाऊल कुठे पडतं, ते सामन्याआधी धावून बघा. मॅटवर खिळ्यांचे बूट चालत नाहीत, रबरी तळव्याचे लागतात. खालचा थर कठीण असल्याने हादराही जास्त बसतो. सलग दोन दिवस मॅटवर लांब स्पेल टाकू देऊ नका.

शिक्षणाचं म्हणाल, तर डच व्यवस्था खेळाडूला खरोखर मदत करते, पण मागावं लागतं. गुणी खेळाडूंना सवलती देणाऱ्या टॉपस्पोर्ट टॅलेंट शाळांमध्ये वेळापत्रक सैल करून मिळतं आणि शेवटची परीक्षा दोन वर्षांत विभागून देता येते. त्यासाठी खेळाडूचा अधिकृत दर्जा लागतो, म्हणून क्रिकेट मंडळाकडे वेळेत विचारणा करा. पुढे एचबीओ, म्हणजे व्यवसायाभिमुख उच्च शिक्षणाची पदवी चार वर्षांची असते आणि तिच्यात इंटर्नशिप येते. ती सप्टेंबर ते जानेवारीच्या सत्रात घ्या, कारण मोसम मेपासून ऑगस्टपर्यंत चालतो. अडचण एकच: हिवाळ्याच्या याच सत्रात ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिकेत क्लब क्रिकेट खेळायला बोलावणं येतं. एक हिवाळा परदेशात, पुढचा कार्यालयात, हा हिशेब आमच्या मते सर्वांत निभावण्याजोगा.

व्यवस्थापनाचा पहिला अनुभव क्लबातच मिळतो. डच क्लब स्वयंसेवकांवर चालतात. प्रायोजक समितीत शिरा, खजिनदाराच्या हाताखाली एक मोसम काढा. प्रायोजकाला काय विकलं, किती पैसे आले, पुढच्या वर्षी तो टिकला का, हे आकड्यांत लिहून ठेवा. मुलाखतीत 'मी देशासाठी खेळलो' याला मान मिळतो, पण नोकरी या आकड्यांवर मिळते.

नोकरी लागली की तासांचं गणित. कंपनीत किमान १० माणसं असतील आणि तुम्हाला २६ आठवडे झाले असतील, तर कामाचे तास कमी करण्याची विनंती डच कायद्याने करता येते. ती लेखी हवी, आणि बदल हवा असेल त्या तारखेच्या दोन महिने आधी. म्हणजे १ मेपासून चार दिवसांचा आठवडा हवा असेल, तर पत्र फेब्रुवारीअखेर द्या. किमान रजा आठवड्याच्या तासांच्या चौपट असते: ३२ तासांना १२८ तास, म्हणजे १६ दिवस. तीन आठवड्यांची पात्रता स्पर्धा त्यातले १२ खाते. आधीच्या वर्षाची उरलेली ही किमान रजा साधारणपणे १ जुलैला बुडते, म्हणून मे-जूनच्या सामन्यांसाठी आधी तीच वापरा.