खारा बांगडा पावसाळ्यासाठी ठेवताना

कोकणातून घाट चढून कराड-सांगलीच्या बाजारात आलेला खारा बांगडा मे महिन्यातच भरून ठेवा. पावसाळी हवेत मीठ ओल धरतं आणि मासा पाझरायला लागतो. साठवण्याआधी धुऊ मात्र नका. सुटं मीठ झटकून दोन कडक उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या, मग एका कालवणापुरते तुकडे घट्ट गुंडाळून झाकणाच्या डब्यात घाला आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवा. (डबा नसेल तर आइस्क्रीमलाही बांगड्याचा वास!) मिठामुळे तो दगडासारखा गोठत नाही, ते ठीकच आहे. पण बांगडा तेलकट, आणि मिठाने तेल लवकर खवटतं. म्हणून दोन-तीन महिन्यांत संपवा. गुलाबी-लालसर डाग किंवा चिकटपणा दिसला तर सरळ फेकून द्या.