घरातलं पहिलं मूल कॉलेजात जाणार असेल तर त्याला मदत कशी करायची

तुम्ही शाळेत शिकवत असाल, कॉलेजच्या ऑफिसात असाल, नाहीतर ओळखीतल्या दोन-चार मुलांसाठी काहीतरी करावं असं नुसतं मनात असेल, तरी सुरुवात भाषणानं करू नका. ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही त्या मुलांना ‘शिकलंच पाहिजे’ हे ऐकून ऐकून पाठ झालेलं असतं. त्यांचं अडतं ते पुढे, फॉर्मवर, तारखांवर आणि मुळात विचारायचं कुणाला यावर.

म्हणून पहिलं काम म्हणजे शेजारी बसून फॉर्म भरून घ्या. लिंक फॉरवर्ड केली की आपल्याला वाटतं झालं काम, पण तसं होत नाही आणि हे लोकांनी मोजून बघितलंय. अमेरिकेत २००८ च्या सुमारास एक प्रयोग झाला, टॅक्सचे कागद भरून घ्यायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथल्याच माणसानं कॉलेजसाठीच्या सरकारी मदतीचा फॉर्म पण तिथल्या तिथं भरायला मदत केली, दहाएक मिनिटांचं काम. दुसऱ्या काही कुटुंबांना फक्त किती मदत मिळू शकेल ते सांगितलं आणि फॉर्म तुमचा तुम्ही भरा म्हटलं. फॉर्मला मदत मिळालेल्या घरांतली, शाळा संपवत आलेली मुलं बघितली तर कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं, आणि नुसती माहिती मिळालेल्यांत काही फरक दिसला नाही.

हे का होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. एक मुलगी माझ्यासमोर ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्याशी येऊन थांबली. कर्सर तिथंच लुकलुकतोय, ती काही बोलेना. वडील सोबत राहत नाहीत, आई मिळेल ते काम करते, आणि खाली उघडलेल्या यादीत यातलं काहीच नव्हतं, आणि तिला वाटत होतं चुकीचं निवडलं तर अर्जच बाद होईल. मी कॉलेजात फोन लावला, त्यांनी सांगितलं ‘इतर’ निवडा आणि खाली एक ओळ लिहा. बस, एवढंच होतं. घरी एकटी असती तर तिनं तिथंच फॉर्म बंद केला असता आणि आपण सगळे म्हणालो असतो की तिला इंटरेस्टच नव्हता.

बसायच्या आधी दोन गोष्टी करून घ्या. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते बघा, कारण तिथं एका अक्षराचा घोळ असेल तर दुरुस्तीत आठवडे जातात. आणि ईमेल, फोन नंबर मुलाचा स्वतःचाच टाका, पासवर्ड वहीत लिहून ठेवायला लावा. घाईत दुसऱ्याच कुणाचा तरी ईमेल टाकलेला असतो, प्रवेशाचं पत्र तिकडे जातं आणि मुलाला कळतं तेव्हा तारीख उलटून गेलेली असते.

आता पैसे. इथं ‘काहीतरी सोय होईल’ असं कधीच म्हणू नका, हात जोडून सांगतो. ज्या घरात महिन्याचा हिशोब जेमतेम लागतो तिथं ‘होईल’ म्हणजे ‘नाही’ असंच ऐकू येतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठानं २०१५ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना पत्रं पाठवायला सुरुवात केली की प्रवेश मिळाला तर चार वर्षांची शिक्षणाची फी माफ, त्यासाठी वेगळे कागद द्यायला नकोत. खरं तर यातल्या बऱ्याच मुलांना एवढी मदत तशीही मिळालीच असती, फक्त आधी कुणी ठाम सांगितलेलं नव्हतं. ज्यांना पत्र गेलं नाही त्यांच्यातल्या २६ टक्के मुलांनी अर्ज केला, ज्यांना गेलं त्यांच्यातल्या ६८ टक्क्यांनी, आणि प्रत्यक्ष तिथं शिकायला गेलेले १२ वरून २७ टक्के झाले.

आपल्या हातात फी माफ करणं नसतं, पण एका कागदावर सगळा खर्च लिहून देणं असतंच. फी, डिपॉझिट, राहणं, प्रवास, पुस्तकं, परीक्षा फी, आणि प्रत्येकापुढे कधी भरायचे आणि कुठून येणार. हा कागद आई-वडिलांसमोर बसून करा. शिष्यवृत्तीचे पैसे बऱ्याचदा फीच्या तारखेनंतर येतात, मधली फट कशी भरायची ते आत्ताच ठरवा आणि हप्ते मिळतील का ते कॉलेजला लेखी विचारा, तोंडी नको.

तुम्ही कॉलेजात असाल तर अर्जाची फी काढून टाका, आणि मार्क बघताना ते कुठल्या शाळेतून, कुठल्या परिस्थितीतून आलेत तेही बघा.

प्रवेश झाला की आपण सुटलो असं वाटतं, पण निकाल ते पहिला वर्ग या मधल्या दिवसांत पण मुलं गळतात, म्हणून आठवड्याला एक फोन ठेवा. जमलं तर एकाच कॉलेजात ओळखीची दोघं-तिघं एकत्र पाठवा. अमेरिकेतली पॉसी फाउंडेशन ही संस्था १९८९ पासून हेच करतेय, गटच्या गट एका कॉलेजात पाठवते, कारण एकट्या पडलेल्या मुलाला परत फिरायला एक वाईट आठवडा पुरतो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये एक योजना सुरू केली, ठरलेला सल्लागार, प्रवासाचा पास, पुस्तकांना मदत, सगळं एकत्र, आणि तीन वर्षांत पदविका पूर्ण करणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्के झाले. बसचा पास पण शिक्षणाचाच खर्च आहे हे तिथं कुणीतरी ओळखलं.

पहिल्या परीक्षेनंतर फोन कराल तेव्हा ‘कसं चाललंय’ विचारू नका, सगळे ‘बरं’ म्हणून ठेवून देतात. ‘कुठला पेपर जड गेला’ असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका.